बर्फ वितळला की हरणांची शिंगं शोधायला: मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या नवख्यांसाठी

मिनेसोटात किंवा विस्कॉन्सिनमध्ये दोन-तीन हिवाळे काढले की मार्चच्या सुमारास ऑफिसात कोणीतरी विचारतंच, ‘शेड हंटिंगला येतोस का?’ हंटिंग म्हटलं की आपण दचकतो. पण यात बंदूक नाही, जनावराला हात लावणं नाही, आणि या दोन राज्यांत लायसन्सही लागत नाही. नर हरणांनी टाकलेली शिंगं रानात हिंडून गोळा करायची, एवढंच. पोराबाळांना घेऊन करता येतो असा हा छंद, आणि खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि बूट. फक्त दोन गोष्टी नवख्याला आधी कोणी सांगत नाही. एक, नुसत्या पायपिटीने शिंग सापडत नाही, हरणाने फेब्रुवारी कुठे काढला हे ओळखावं लागतं. आणि दुसरी, आपण घाई केली तर ती हरणाला महागात पडते.

शिंग गळतं कसं आणि केव्हा

गाय, म्हैस, काळवीट यांची शिंगं जन्मभर डोक्यावर राहतात. हरणांच्या कुळात, म्हणजे आपलं चितळ-सांबर काय किंवा इथलं व्हाइटटेल, एल्क, मूस काय, नराच्या डोक्यावर असतं ते निव्वळ हाड आणि ते दरवर्षी नवं येतं. व्हाइटटेलच्या बाबतीत वसंतात कोंब फुटतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात, सप्टेंबरच्या सुरुवातीला नर ती मखमल झाडांवर घासून काढतो आणि नोव्हेंबरात माद्यांसाठी झुंजतो. माजाचा काळ संपला की अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं. मग शिंग कवटीला जिथे जोडलेलं असतं तिथलं हाड शरीर स्वतःच विरघळवायला लागतं. चार-आठ दिवसांपूर्वी ज्या शिंगाला धरून अख्खं हरण फरपटत नेता आलं असतं, ते कुंपणावरून मारलेल्या एका उडीच्या हिसक्याने पडतं. डोक्यावर ओला लाल चट्टा राहतो, थोड्याच दिवसांत त्यावर खपली धरते. दोन्ही शिंगं एकदम पडतीलच असं नाही. मध्ये काही तास जातात, कधी काही दिवस.

व्हाइटटेलची बहुतेक शिंगं डिसेंबरअखेर ते मार्च या काळात गळतात, त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत जास्त. पश्चिमेकडचं म्यूल डिअर जानेवारी ते मार्च, क्वचित एप्रिलपर्यंत. एल्क मार्च-एप्रिलमध्ये, मोठे नर आधी आणि तरणे नंतर. मूसचे मोठे नर डिसेंबरातच मोकळे होतात. जखमी किंवा उपाशी नर लवकर शिंगं टाकतो, पोटभर खायला मिळालेला उशिरापर्यंत मिरवतो. त्यामुळे ख्रिसमसला एखादा बोडका नर दिसला किंवा एप्रिलमध्ये एखादा शिंगवाला, तर त्यात नवल नाही. शिंगाच्या टोकांवरून वय मोजता येतं असं कोणी ठासून सांगितलं, तर ऐकून सोडून द्या. टोकांची संख्या खाण्यावर आणि वाणावरही ठरते.

जायचं कधी

कायद्याने या भागात बंदीचा काळ नाही, म्हणून उत्साही मंडळी फेब्रुवारीतच गुडघाभर बर्फात उतरतात. मी तसं करू नका असं सांगेन. हरणाने शरद ऋतूत साठवलेली चरबी मार्चपर्यंत संपत आलेली असते, माद्या गाभण असतात, आणि खोल बर्फातून एकदा उधळून पळण्यात त्यांची जी शक्ती जाते ती भरून काढायला रानात काही उरलेलं नसतं. त्यातून उत्तर मिनेसोटा किंवा मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलासारख्या भागात हरणं हिवाळ्यात सीडर आणि हेमलॉकच्या दाट आसऱ्याला एकत्र येतात. तिथे बर्फ गेल्याशिवाय पाऊलच टाकू नये. शिवाय स्वार्थाचाही हिशेब आहे: हुसकावलेला नर शिंगं डोक्यावर घेऊनच शेजारच्या शेतात जातो आणि तिथे तुम्हाला परवानगी नसते.

मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा तिसरा, हा माझ्या मते सोन्याचा काळ. बर्फ गेलेला, गवत बर्फाने दाबून चपटं झालेलं, नवी हिरवळ अजून वर आलेली नाही. मे लागला की त्याच जागी शिंग पायाखाली असूनही दिसणार नाही.

‘उशीर केला तर उंदीर-खारी खाऊन टाकतील’ ही भीती खरी आहे, पण जरा वाढवून सांगितली जाते. उंदीर, खारी, साळिंदर कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी शिंगं कुरतडतात. कुरतडलेलं शिंग हातात आलं तर नीट पाहा: टोकाच्या कडेला दोन-दोन दातांच्या समांतर खाचा दिसतात, उंदराच्या सुतासारख्या बारीक, खारीच्या अंमळ रुंद. पहिला घाव बहुधा निमुळत्या टोकांवर पडतो. एका हिवाळ्यात सगळं शिंग फस्त होणं मात्र विरळाच. बहुतेक वेळा टोकं झिजलेली आणि बुंधा शाबूत मिळतो.

आधी जागेची परवानगी, मग बूट

या छंदात नवखे अडकतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

नॅशनल पार्कमधून शिंग उचलणं गुन्हा आहे, मग ते यलोस्टोन असो की मिनेसोटातलं व्हॉयेजर्स. नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्येही, म्हणजे वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या सरकारी जागेतही, तेच. स्टेट पार्क आणि काउंटी पार्कमध्ये पाहा, फोटो काढा आणि जिथल्या तिथे ठेवा, कारण तिथून नैसर्गिक वस्तू न्यायला सहसा मनाई असते. शंका असेल तर पार्कच्या ऑफिसात फोन करा. स्टेट फॉरेस्ट, नॅशनल फॉरेस्ट आणि मिनेसोटातल्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया या सुरुवातीच्या जागा.

खासगी जमिनीबाबत आपल्याकडची सवय इथे चालत नाही. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणजे जायला हरकत नाही असं समजू नका. मिनेसोटात शेतजमिनीवर फिरायला पाटी नसली तरी मालकाची परवानगी लागते. विस्कॉन्सिनमध्ये तर कुठल्याही खासगी जमिनीवर लागते. मिसुरी, इलिनॉय, टेक्सास अशा राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला, तर तो ‘प्रवेश बंद’चा कायदेशीर फलक आहे.

नकाशावरच्या हिरव्या रंगावरही विसंबू नका. मिनेसोटाच्या आग्नेय कोपऱ्यात रिचर्ड जे. डोरर मेमोरियल हार्डवुड स्टेट फॉरेस्ट नकाशावर मैलोन् मैल पसरलेलं दिसतं. त्या रेषेच्या आत साधारण 10 लाख एकर जमीन येते, पण सरकारी मालकीची त्यातली अगदी थोडी, बाकी सगळी शेतकऱ्यांची. म्हणून जमिनीच्या मालकीच्या हद्दी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप फोनवर घ्या आणि नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा. दऱ्यांमध्ये सिग्नल मिळत नाही.

परवानगी मागायला लाजू नका. पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत, दुपारच्या वेळी, गाडी रस्त्यावर न सोडता अंगणात लावून दार वाजवा. नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, शिकार करायची नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा. आणि एक मुद्दा हमखास चालतो: शेतात पडलेल्या शिंगाची टोकं ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसतात. एक टायर फाटला की शेतकऱ्याला हजारोंचा फटका बसतो, त्यामुळे कोणीतरी शिंगं उचलून नेतंय हे बऱ्याच जणांना हवंच असतं. किती वाजता येणार, किती जण आणि कोणती गाडी हे कळवा. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं तर उघडं. सापडलेली शिंगं जाताना दाखवा आणि सगळ्यात मोठं त्यांना देऊ करा. बहुतेक जण तुम्हालाच ठेवायला सांगतात. दिवाळीत फराळाचा डबा नेऊन दिलात तर पुढच्या वर्षी विचारायचीही गरज पडत नाही, हा आमच्या मंडळींचा अनुभव.

हरणाचा हिवाळा वाचायचा

हिवाळ्यात हरणाला दोनच गोष्टी हव्या असतात: खाणं आणि ऊब. त्या दोन्ही जागा आणि त्यांच्यामधली वाट शोधली की निम्मं काम झालं.

खाण्याच्या जागा म्हणजे मक्याची आणि सोयाबीनची धसकटं उरलेली शेतं. कापणी न झालेला मक्याचा पट्टा दिसला तर तो पहिला गाठा. शेताच्या मधोमध वेळ घालवण्यापेक्षा झाडीला लागून असलेली कड धरून चाला, कारण अंधार पडायच्या आधी हरणं तिथेच घुटमळतात. धसकटांत एक फसवणूक ठरलेली: मक्याच्या कणसाची वाळलेली साल लांबून हुबेहूब शिंगासारखी दिसते. पहिल्या दिवशी प्रत्येक सालीकडे धावाल, मग नजर सरावते.

उबेच्या जागा म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेले उतार. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, त्यामुळे या उतारांवर ऊन पडतं, बर्फ आधी वितळतो, आणि वायव्येचं बोचरं वारंही अडतं. मिनेसोटाचा आग्नेय भाग, विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य भाग आणि आयोवाचा ईशान्य कोपरा मिळून जो ड्रिफ्टलेस प्रदेश होतो, तिथे हिमनद्यांनी जमीन सपाट केली नाही, म्हणून खोल दऱ्या आणि उंच कडे टिकून आहेत. तिथल्या दक्षिणमुखी उतारांवरच्या उघड्या गवताळ पट्ट्यांना स्थानिक लोक गोट प्रेअरी म्हणतात. अशा पट्ट्याच्या वरच्या टोकाला, रेड सीडरच्या झाडांखाली वाकून पाहा. गवत लंबगोल दाबलेलं असेल, त्यात करड्या, पोकळ, जाड केसांचा पुंजका आणि कडेला काळ्या लेंड्यांचा ढीग. ही हरणाची बसायची जागा. अशा चार-पाच जागा जवळजवळ असतील तर तो सगळा तुकडा इंचाइंचाने पालथा घाला.

तिसरी जागा म्हणजे वाट. खाण्याकडून झोपण्याकडे जाणारी पायवाट बर्फ गेल्यावर चिखलात स्पष्ट उमटलेली असते. ती जिथे काटेरी तार, ओढा किंवा चर ओलांडते, तिथे हरीण उडी मारतं आणि पलीकडे दणकन उतरतं. तारेच्या दोन्ही बाजू दहा-दहा पावलांपर्यंत पाहा.

एवढं सगळं घरी बसून सॅटेलाइट नकाशावर आधी आखता येतं: शेत, दक्षिण उतार, मधली कुंपणं. दहा एकराचे दोन चांगले तुकडे निवडा. दोनशे एकर रान भरभर तुडवण्यापेक्षा त्यातून जास्त मिळतं.

चालायचं कसं, बघायचं कसं

ढगाळ दिवस निवडा, रिमझिम होऊन गेली असेल तर उत्तम. कडक उन्हात प्रत्येक फांदीची सावली पडते आणि डोळे थकतात. ओल्या पाचोळ्यात मात्र तपकिरी शिंग चकाकतं.

अख्खं शिंग शोधू नका. पाचोळ्यातून वर आलेलं एक टोक, गवतातला एक गुळगुळीत बाक, एवढंच दिसणार असतं. लांब बघत चालणं ही नवख्यांची खोड. पायापासून सात-आठ मीटरांच्या पट्ट्यात नजर डावीकडून उजवीकडे फिरवा, दहा-बारा पावलांवर थांबा, मागे वळून पाहा. दुसऱ्या बाजूने तीच जमीन वेगळी दिसते. उघड्या शेतात आणि गोट प्रेअरीवर आधी दुर्बीण लावा, मग चाला. मुलांना न्यायचं असेल तर एक जुनं शिंग पैदा करून घरामागच्या गवतात लपवा आणि त्यांना शोधायला लावा. त्यांची उंची कमी, नजर जमिनीजवळ, त्यामुळे पोरं मोठ्यांना सहज हरवतात.

शिंग दिसलं की लगेच उचलू नका. फोनवर जागेची खूण करा, फोटो काढा, मग उचला. बुंध्याशी खडबडीत कडं असतं, त्याखालचा भाग जरासा फुगीर. तो भाग स्वच्छ आणि शिंग तपकिरी, तुकतुकीत असेल तर याच हिवाळ्यातलं. पांढुरकं आणि बारीक भेगा पडलेलं असेल तर वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं. शेवाळ धरलेलं, भुसभुशीत असेल तर त्याहून जुनं, ते उंदरांसाठी ठेवून दिलं तरी चालतं. बाजारातही याच क्रमाने भाव उतरतो: ब्राउन, हार्ड व्हाइट, चॉक.

मग जोडी. डावं की उजवं हे कळायला शिंग आपल्याच डोक्याला लावून पाहा, टोकं वर आणि मुख्य दांडा पुढे वळलेला. चारचौघांत हसू होईल, पण चूक होत नाही. नंतर त्या जागेभोवती गोल गोल, प्रत्येक फेरीला वर्तुळ मोठं करत शोधा. दुसरं शिंग बऱ्याचदा शंभरेक मीटरांत असतं, त्यातही त्याच पायवाटेवर. नाही मिळालं तर नाही. ते मैलभर लांबही पडलेलं असू शकतं.

गोचीड, बर्फ आणि टर्की

गोचिडीला हलक्यात घेऊ नका. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड तापमान 4 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हालचाल करू लागते, म्हणजे मार्चअखेरच्या उबदार दुपारीसुद्धा. पँट मोज्यांत खोचा, कपड्यांवर आदल्या दिवशी पर्मेथ्रिन फवारून पूर्ण वाळवा (अंगावर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब), उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन लावा. घरी आल्यावर कपडे सरळ ड्रायरमध्ये, आणि अंघोळीला जाताना काखा, गुडघ्यांच्या मागे, केसांत तपासणी.

तळ्यावरचा बर्फ मार्चमध्ये वरून पांढरा दिसला तरी आतून कुजलेला असतो. जवळचा रस्ता म्हणून त्यावरून जाऊ नका. एप्रिलच्या मध्यापासून टर्की या रानपक्ष्याची शिकार सुरू होते, तेव्हा भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला. लाल, निळा, पांढरा टाळा, नर टर्कीच्या डोक्याचे तेच रंग.

पश्चिमेला गेलात तर

कोलोरॅडो, वायोमिंगमध्ये एल्कची शिंगं शोधायची हौस असेल, तर तिकीट काढण्याआधी नियम वाचा. मोठ्या एल्कच्या शिंगांची जोडी 13-14 किलोपर्यंत भरते, तिला भाव येतो, आणि त्या लोभापायी लोक हिवाळ्यात कळपांच्या मागे लागू लागले. म्हणून कोलोरॅडोत आय-25 महामार्गाच्या पश्चिमेकडच्या सार्वजनिक जमिनीवर 1 जानेवारी ते 30 एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी आहे. वायोमिंगच्या पश्चिम भागातही सार्वजनिक जमिनीवर 1 मेपर्यंत थांबावं लागतं, आणि बाहेरच्या राज्यातल्यांना त्याहून आठवडाभर जास्त, वर कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प (वन्यजीव खात्याचा एक प्रकारचा परवाना) घ्यावा लागतो. युटामध्ये आधी एक ऑनलाइन कोर्स करायचा असतो. हे नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीचे त्या-त्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर पाहूनच निघा.

स्वतः शोधायचं नसेल आणि नुसतं बघायचं असेल तर वायोमिंगचं जॅक्सन गाव गाठा. गावच्या चौकाला चारही कोपऱ्यांत एल्कच्या शिंगांच्या कमानी आहेत. शेजारच्या नॅशनल एल्क रेफ्यूजमध्ये पडलेली शिंगं बॉय स्काउट्सची मुलं खास परवानगीने गोळा करतात, मे महिन्यात त्याच चौकात त्यांचा जाहीर लिलाव होतो, आणि मोठा हिस्सा रेफ्यूजच्याच कामाला जातो.

घरी आणल्यावर, आणि घरी म्हणजे भारतात

सुटं शिंग ही सोपी गोष्ट. कवटीसकट शिंगं सापडली तर मात्र हात लावण्याआधी राज्याच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला फोन करा. एक तर ते हरीण अवैध शिकारीतलं किंवा गाडीखाली सापडलेलं असू शकतं. दुसरं म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आलेला हा मेंदूचा रोग आता मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या हरणांतही आहे, त्यामुळे मेंदू चिकटलेली कवटी एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला निर्बंध आहेत.

सुटं शिंग ब्रशने कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, उन्हात ठेवू नका. व्हार्निशची गरज नसते. बुंध्याला तारीख आणि जागेची चिठ्ठी बांधून ठेवा, कारण तोच नर पुढच्या वर्षी साधारण त्याच सुमारास शिंगं टाकतो आणि त्याच उताराला येण्याची शक्यता बरीच असते. करवतीने कापणार असाल तर मास्क लावा, हाडाची भुकटी फुप्फुसाला वाईट. कुत्र्याला चघळायला देतात खरं, पण त्याने दात तुटतात असं पशुवैद्य बजावतात.

आता कळीचा मुद्दा. आपल्याकडे आजीच्या बटव्यात सांबरशिंग असायचं, सहाणेवर उगाळून लेप लावायचे, त्यामुळे गावी न्यायला ही छान भेट असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. तो विचार सोडा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंग येतं, मग ते मारून काढलेलं असो की आपोआप गळलेलं. ताडोबा किंवा मेळघाटच्या रस्त्यात पडलेलं चितळाचं शिंग ही सरकारी मालमत्ता आहे. ते उचलून डिकीत टाकलंत तर वन गुन्हा दाखल होऊ शकतो. सुट्टीत तिकडे गेलेल्या इथल्या मुलांना हे आधी बजावून ठेवा, कारण सवयीने ती वाकून उचलतात. आणि इथलं शिंग बॅगेत घालून मुंबई विमानतळावर उतरलात, तर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला व्हाइटटेल आणि चितळ यातला फरक समजावून सांगत बसण्याची पाळी तुमच्यावर येईल, तीही वन्यजीवांच्या अवयवांचा आयात परवाना हातात नसताना. आजीला फोटो पाठवा.